अ‍ॅजाइल टीममधला पीपल लीड: माणसं तुमची, काम टीमचं

अ‍ॅजाइल म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत, वेळोवेळी सुधारत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत, आणि स्क्रम हा तिचा एक प्रकार. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडची २०२० ची आवृत्ती उघडून बघा. टीममध्ये तीनच जबाबदाऱ्या सापडतात: प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (कामाची पद्धत सुधारण्याकडे बघणारा) आणि डेव्हलपर्स. रजा कोण मंजूर करणार, पगारवाढीची शिफारस कोण करणार, दोन वर्षं एकाच मॉड्यूलमध्ये अडकलेल्या मुलीला पुढची वाट कोण दाखवणार, याबद्दल तिथे एक ओळही नाही. ते त्या गाइडचं कामच नाही. पण ही कामं कुणीतरी करावीच लागतात. ज्याच्याकडे ती येतात त्याला कुठे पीपल लीड म्हणतात, कुठे इंजिनिअरिंग मॅनेजर, तर कुठे नुसतंच ‘रिपोर्टिंग मॅनेजर’.

हे पद काढून टाकलं तर काय होतं, ते गुगलने २००२ साली करून पाहिलं. इंजिनिअरिंग मॅनेजरची फळीच उठवली. प्रयोग काही महिनेच टिकला, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या कुरबुरींपर्यंत सगळं घेऊन लोक थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जायला लागले. पुढे २००८ मध्ये त्याच कंपनीने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ नावाने चांगल्या मॅनेजरच्या सवयी शोधल्या. त्या आठ सवयींत पहिली आली ती चांगला कोच असणं. तांत्रिक कौशल्य आलं आठव्या क्रमांकावर.

ही भूमिका दोन तऱ्हांनी बिघडताना मी पाहिली आहे. एक तर लीड कामाचा ताबा घेतो आणि टीम स्वतः विचार करायचं थांबवते. नाहीतर ‘टीम स्वयंव्यवस्थापित आहे’ म्हणत तो इतका लांब राहतो की वर्षातून एकदा अप्रेझललाच दिसतो. ज्यांना नुकतीच ही जबाबदारी मिळाली आहे त्यांच्यासाठी मी कोणत्या क्रमाने काय करते, ते खाली लिहिलं आहे. पहिल्या तीन पायऱ्या पहिल्या महिन्यात करा. बाकीच्यांना वेळ लागतो, आणि तो द्यावा.

पायरी १: हद्द लिहून काढा

पहिल्याच आठवड्यात प्रॉडक्ट ओनर आणि स्क्रम मास्टर यांच्यासोबत एक तास बसा आणि काय कुणाचं ते कागदावर उतरवा. हा तास टाळला की पुढचे सहा महिने त्याचं व्याज भरावं लागतं.

सोपा भाग लवकर उरकतो. कोणतं काम आधी, हे प्रॉडक्ट ओनर ठरवणार. ते कसं करायचं, किती मोठं आहे आणि कोण उचलणार, हे डेव्हलपर्स ठरवणार. टीमची कामाची पद्धत सुधारण्याकडे स्क्रम मास्टर बघणार. भरती, रजा, फीडबॅक, अप्रेझल, माणसाची वाढ, न मिटणारी भांडणं आणि राजीनामे तुमच्याकडे.

खरी चर्चा काठावरच्या गोष्टींवर होते, म्हणून तासातली पाऊण वेळ त्यांना द्या. प्रॉडक्ट ओनरला एखादा माणूस संथ वाटला तर त्यांनी आधी कुणाशी बोलायचं? माझं उत्तर: त्या माणसाशीच. तसंच पुन्हा झालं तर माझ्याशी. कुणी तीन दिवस अडकून पडलं तर पुढाकार कुणाचा? रात्री प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम) बंद पडलं, एकच जण सलग दोन रात्री जागला, तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवायला कुणाला विचारायचं? या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असावं, कारण त्या सकाळी बैठक घ्यायला कुणालाच वेळ नसतो. लिहिलेला कागद टीमच्या विकीवर ठेवा, म्हणजे टीमलाही कळतं की तुमच्याकडे काय घेऊन यायचं.

बऱ्याच ठिकाणी पीपल लीड आणि टेक लीड (तांत्रिक बाजू सांभाळणारा) एकच माणूस असतो. चालतं, पण बोलताना कुठल्या नात्याने बोलताय ते तोंडाने सांगा: ‘हे मी सहकारी डेव्हलपर म्हणून सांगतेय, पटलं नाही तर खोडून काढ.’ तरीही तुमच्या मताला अप्रेझलचं वजन चिकटतंच. डिझाइनच्या चर्चेत शेवटी बोलण्याची सवय लावली तर ते बरंच कमी होतं. पीपल लीड आणि स्क्रम मास्टर एकच असणं मला जास्त धोक्याचं वाटतं. रेट्रो म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्याच्या शेवटी काय बरं झालं, काय चुकलं ते बोलायची बैठक. ती चालवणारा आणि पगार ठरवणारा एकच असेल तर रेट्रोत खरं कोण बोलणार? शक्य असेल तर दोनातलं एक सोडा.

गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीतल्या टीमच्या रचनेबद्दल हेन्रिक क्निबर्ग आणि अँडर्स इवार्सन यांनी २०१२ मध्ये लिहिलं, आणि तिथला ‘चॅप्टर लीड’ अनेक कंपन्यांनी उचलला. एकाच कौशल्याची माणसं वेगवेगळ्या टीममध्ये काम करतात आणि त्यांचा लीड एकच असतो. तुमची रचना अशी असेल तर तुमची माणसं दिवसभर काय करतात ते तुम्हाला दिसत नाही. मग पाचवी पायरी दुप्पट मनावर घ्या.

पायरी २: दोन आठवडे ऐका, आश्वासन देऊ नका

प्रत्येकाला पाऊण तास भेटा आणि सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारा. कुठलं काम करताना वेळ कसा गेला ते कळत नाही? कुठलं काम मुद्दाम शेवटाला ठेवतोस? आधीच्या लीडची कुठली गोष्ट मी चालू ठेवावी? आणि मी काय करू नये?

चौथ्या प्रश्नाला सगळ्यात कामाची उत्तरं मिळतात. एका मुलीने मला सांगितलं होतं, ‘सगळ्यांसमोर अचानक प्रश्न विचारू नका. मी गोंधळते. चॅटवर विचारा, दहा मिनिटांत नीट सांगेन.’ एवढं कळल्यावर बैठकीत ती गप्प का असते, याचा माझ्या डोक्यातला अर्थच बदलला. हे मी विचारलं नसतं तर तिच्या अप्रेझलमध्ये ‘पुढाकार कमी’ असं लिहून मोकळी झाले असते.

या काळात मोठं काही बदलू नका. पण एखादी छोटी अडचण, जसं की टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस महिनाभर रखडलाय, ती त्याच आठवड्यात सोडवा. तुम्ही ऐकता हे लोकांना त्यावरून कळतं.

पायरी ३: वन-ऑन-वन

वन-ऑन-वन म्हणजे तुम्ही आणि तुमचा एक माणूस, अशी दोघांचीच ठरलेली भेट. सगळा डोलारा या अर्ध्या तासावर उभा आहे. प्रत्येकाला स्प्रिंटमध्ये (म्हणजे टीमच्या कामाच्या काही आठवड्यांच्या ठरावीक टप्प्यात) निदान एकदा भेटा, नव्याने आलेल्याला दर आठवड्याला. आठ जणांना दर आठवड्याला अर्धा तास म्हणजे चार तास, वर तयारी आणि टिपणांना तासभर. आठवड्यात हे बसतं. पंधरा जण असतील तर बसत नाही. तेव्हा भेट दहा मिनिटांवर आणण्याऐवजी तुमच्या वरिष्ठांशी माणसांच्या संख्येबद्दल बोला.

भेट पुढे ढकलली तर चालेल, रद्द करू नका. विषय त्या माणसाचे, तुमचे शेवटच्या पाच मिनिटांत. आणि तिकिटाची, म्हणजे टीमच्या बोर्डवर नोंदवलेल्या कामाची, स्थिती अजिबात विचारू नका. ती बोर्डवर आहेच. तुम्ही एकदा स्थिती विचारलीत की पुढच्या वेळी तो माणूस स्थितीच तयार करून आणतो, आणि मनातलं मनात राहतं.

एक भेट जशी झाली तशी सांगते. बॅकएंडचा (सॉफ्टवेअरच्या पडद्यामागच्या भागाचा) एक अनुभवी डेव्हलपर, स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला) तीन दिवस ‘कालचंच चालू आहे’ एवढंच म्हणत होता.

‘कसं चाललंय?’

‘ठीक चाललंय.’

मी काही बोलले नाही. तो लॅपटॉपचं झाकण अर्धवट मिटून पुन्हा उघडत होता.

‘तीन दिवस तेच वाक्य ऐकलं. मला घाई नाहीये. पण कशात अडकलायस का?’

‘ते पेमेंटचं जुनं मॉड्यूल. ज्यांनी लिहिलं ते सोडून गेले. मला त्यातलं अर्धं कळतच नाहीये. आणि काम किती मोठं आहे याचा अंदाज बांधताना तीन पॉइंट मीच म्हणालो होतो.’

‘टीमला सांगितलंस?’

‘सहा वर्षं झाली मला. आता कसं सांगू?’

इथे हात शिवशिवतात. तिकीट दुसऱ्याला देऊ का, प्रॉडक्ट ओनरशी बोलू का, असं मनात येतं. त्यातलं काहीच मी केलं नाही. फक्त विचारलं, ‘उद्या स्टँडअपला सांगशील, की आधी कुणा एकाशी बोलणं सोपं जाईल?’ त्याने एक नाव घेतलं. दोघं दोन दुपारी शेजारी बसून तो कोड वाचत होते. तिसऱ्या दिवशी स्टँडअपला तो स्वतःच म्हणाला, ‘ही स्टोरी तीनची नव्हतीच,’ म्हणजे ते काम तीन पॉइंटांपेक्षा मोठं होतं. त्यावर आणखी दोघांनी कबूल केलं की त्या मॉड्यूलला हात लावायला त्यांनाही भीती वाटते. पुढच्या स्प्रिंटमध्ये टीमने आपणहून त्याच्या टेस्ट लिहायला घेतल्या. मी तिकीट हलवलं असतं तर एका माणसाची सुटका झाली असती, मॉड्यूल तसंच राहिलं असतं.

भेटीनंतर दोघांना दिसेल अशा फाइलमध्ये तारीख आणि दोन ओळी लिहा: काय ठरलं, कोण करणार. तब्येत किंवा घरच्या गोष्टी कुठेही लिहू नका. आणि ‘हे आपल्यातच राहील’ असं ऐकून घेण्याआधी कधीही म्हणू नका. छळ किंवा कुणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला तर तुम्हाला तो पुढे न्यावाच लागतो. मी आधी सांगून टाकते: ‘बहुतेक सगळं माझ्यापाशीच राहतं. कुणाला त्रास होत असेल तर मात्र मी गप्प बसू शकणार नाही, पण तुला सांगितल्याशिवाय कुठे जाणार नाही.’

पायरी ४: स्प्रिंटच्या बैठकांत तुमची जागा

स्टँडअप पंधरा मिनिटांचा आणि डेव्हलपर्सचा असतो. तुम्ही तिथे असाल तर बोलणारे कुणाकडे बघतात ते पाहा. सगळे तुमच्याकडे बघून बोलत असतील तर तो तुम्हाला दिलेला अहवाल झाला. काही दिवस जाऊ नका. परत जाल तेव्हा मागे उभे राहा, ऑनलाइन असाल तर माइक बंद ठेवून ऐका.

प्लॅनिंगमध्ये तुमचं काम एवढंच: कोण किती दिवस रजेवर आहे, कोण नव्या माणसाला शिकवण्यात गुंतलंय, हे टीमला आधी कळवणं. रिव्ह्यूला मात्र आवर्जून जा. तुमच्या माणसाने बनवलेली गोष्ट वापरणाऱ्यांसमोर कशी मांडली, हे तिथेच दिसतं.

रेट्रोचा निर्णय टीमवर सोडा. ‘मी असू की नको?’ हा प्रश्न स्क्रम मास्टरकडून विचारून घ्या, म्हणजे उत्तर खरं येईल. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये कामाच्या टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर शोधनिबंध लिहिला. चूक कबूल केली, शंका विचारली, तर आपल्याला त्याची शिक्षा होणार नाही, असा टीममधला सगळ्यांचा विश्वास म्हणजे ही सुरक्षितता. गुगलने २०१२ च्या सुमारास स्वतःच्या टीमचा अभ्यास सुरू केला तेव्हा चांगल्या टीममागचं सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणून हेच पुढे आलं. तुमच्या हाती पगार असल्यामुळे तुमचं नुसतं असणं या विश्वासावर परिणाम करतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. रेट्रोतून तुमच्यापर्यंत काय पोचवायचं, हे टीमला ठरवू द्या.

पायरी ५: फीडबॅक ताजा द्या, नेमका द्या

प्रसंग, त्यात त्या माणसाने केलेली कृती, आणि तिचा परिणाम. या तीन गोष्टी, घटनेनंतर एक-दोन दिवसांत.

कोड रिव्ह्यू म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासणं. ‘तू कोड रिव्ह्यूमध्ये जरा उद्धट वागतोस’ या वाक्यातून ऐकणाऱ्याला फक्त राग येतो. त्याऐवजी: ‘मंगळवारी तपासायला आलेल्या पुल रिक्वेस्टवर तू “हे कुणी असं लिहितं का?” अशी कमेंट टाकलीस. त्यानंतर जिचा तो कोड होता तिने दोन दिवस नवा कोड रिव्ह्यूला टाकलाच नाही. काय बदलायला हवं ते त्या कमेंटमध्ये नव्हतं.’ मग थांबा. त्याची बाजू ऐका. कदाचित तीच चूक तो चौथ्यांदा दाखवत असेल.

कौतुकही तितकंच नेमकं हवं. ‘मस्त काम’ दोन मिनिटांत विसरलं जातं. ‘रोलबॅकची, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परत जाण्याची, स्क्रिप्ट तू आधीच तयार ठेवलीस म्हणून शुक्रवारी आपण वाचलो’ हे लक्षात राहतं, आणि तो माणूस पुढच्या वेळीही ती स्क्रिप्ट तयार ठेवतो.

तुम्ही रोज टीमसोबत नसाल तर इतरांकडून माहिती घ्यावी लागते. ‘तो कसा आहे?’ असं विचारू नका, त्यातून गॉसिप येतं. ‘गेल्या महिन्यात त्याच्यामुळे तुझं काम सोपं झालं असा एक प्रसंग सांग, आणि अडलं असा एक’ असं विचारा. कोड रिव्ह्यूच्या कमेंट स्वतः वाचा. कोण समजावून सांगतं, कोण नुसतं ‘ठीक’ लिहून पुढे जातं, ते तिथे स्वच्छ दिसतं.

पायरी ६: अप्रेझलमध्ये व्हेलॉसिटी आणू नका

व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती स्टोरी पॉइंटचं काम पूर्ण झालं तो आकडा. तो अप्रेझलमध्ये आणू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका नोकरीत वरून आकडे मागितले गेले, म्हणून मी माणशी स्टोरी पॉइंटचा तक्ता केला आणि टीमला दाखवला. हेतू वाईट नव्हता. दोनच स्प्रिंटमध्ये तीनच्या स्टोरी पाचच्या झाल्या. कोड रिव्ह्यू दोन-दोन दिवस पडून राहायला लागले, कारण दुसऱ्याचा कोड तपासण्याचे पॉइंट मिळत नव्हते. सगळ्यात जास्त नुकसान झालं ते टीममधल्या सगळ्यात उपयोगी माणसाचं. तो दिवसभर इतरांच्या अडचणी सोडवत असायचा, आणि तक्त्यात तळाला होता. तक्ता मी काढून टाकला आणि त्याची माफी मागितली, पण पूर्वीसारखं मोकळेपणाने मदत करायला त्याला बरेच महिने लागले.

स्टोरी पॉइंट हा टीमने एकमेकांच्या तुलनेत बांधलेला अंदाज आहे. दोन टीमची त्यावरून तुलना होत नाही, मग दोन माणसांची कशी होईल?

मग पुरावा कुठून आणायचा? दर महिन्याच्या शेवटी प्रत्येकाबद्दल अर्धं पान लिहा: काय नीट पार पडलं, कुणाला मदत केली, काय नवं शिकला, कुठे घसरला. प्रसंगासकट लिहा. वर्षाअखेरीला अशी बारा टिपणं हाताशी असली की फक्त शेवटचे दोन महिने आठवून निकाल देण्याची वेळ येत नाही. एवढं करून एक कसोटी लावा: अप्रेझलच्या दिवशी त्या माणसाने एकही गोष्ट पहिल्यांदा ऐकता कामा नये. ऐकली, तर मधल्या महिन्यांत तुमचं बोलायचं राहिलंय.

पायरी ७: वाढ स्प्रिंटच्या आत बसवा

‘पुढच्या तिमाहीत कोर्स करीन’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि तो कोर्स क्वचितच झालेला पाहिलाय. त्याऐवजी एका वेळी एकच कौशल्य धरा आणि बॅकलॉगमधलं (पुढे करायच्या कामांच्या यादीतलं) कुठलं काम त्यासाठी योग्य आहे ते त्या माणसाला शोधायला सांगा. ते काम त्याने टीमसमोर स्वतः मागावं.

टीमसाठी एक साधा तक्ता करा: आडवी कामं, उभी नावं, आणि कोण एकट्याने करू शकतं, कोण मदतीने. ज्या कामापुढे एकच नाव येतं तिथे दुसरं नाव तयार करणं ही तिमाहीची पहिली गोष्ट. त्या एकट्या माणसाला हे आधी नीट समजावा. आपलं महत्त्व कमी करतायत, असं त्याला वाटू शकतं. त्याला विचारा की हे काम सुटलं तर त्याला काय करायला आवडेल, आणि ते खरोखर मिळवून द्या.

नवा माणूस येतो तेव्हा टीमचा वेग काही काळ घटतो. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. भरतीची मंजुरी मिळताच हे प्रॉडक्ट ओनरला सांगा, नंतर नाही.

पायरी ८: कुणी मागे पडलं, किंवा दोघांचं बिनसलं

मागे पडलेल्या माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याआधी क्रमाने तपासा. त्याच्याकडून काय अपेक्षित आहे हे त्याला माहीत आहे का? ते करण्याचं कौशल्य आहे का? साधनं आणि वेळ आहे का? घरी किंवा तब्येतीचं काही चालू आहे का? त्याने सांगितलं तर ऐका, खोदून विचारू नका. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या तीनांतच सापडतं. या सगळ्यातून गेल्यावरही फरक नसेल तर स्पष्ट बोला: काय बदलायला हवं, किती आठवड्यांत, आणि मी त्यात काय मदत करणार. हे लेखी द्या. औपचारिक प्रक्रिया लागणार असेल तर एचआरला त्याच वेळी सोबत घ्या.

भांडणात दोघांना आधी वेगवेगळं ऐका, मग एकत्र बसवा. निकाल देऊ नका. प्रत्येकाला समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायला सांगा, आणि समोरचा ‘हो, हेच म्हणायचंय’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. वाद तांत्रिक असेल तर तो टीमसमोर न्यायला सांगा, दोन्ही पर्याय कागदावर मांडून. मी पाहिलेल्या ‘स्वभावाच्या’ भांडणांपैकी बरीच शेवटी ‘डिप्लॉय कोण करणार’, म्हणजे नवा कोड चालू सिस्टीमवर कोण चढवणार, हे न ठरल्यामुळे झालेली निघाली.

पायरी ९: माणूस दुसऱ्या लीडकडे जाताना

रचना बदलते, तुमची माणसं दुसऱ्याकडे जातात, किंवा तुम्हीच जाता. तेव्हा तिघांनी एकत्र बसा: तुम्ही, तो माणूस आणि नवा लीड. काय चालू आहे, कुठलं आश्वासन दिलं आहे, पगारवाढीचं बोलणं कुठपर्यंत आलंय, हे त्या माणसाच्या समोरच सांगा, म्हणजे पाठीमागे काय सांगितलं ही शंका राहत नाही. महिन्याची टिपणं नव्या लीडला देण्याआधी त्या माणसाला वाचायला द्या आणि काही खोडायचं असेल तर ते खोडू द्या. शेवटची दहा मिनिटं त्या दोघांना एकटं सोडून बाहेर पडा, आणि जाण्याआधी त्यांची पुढची वन-ऑन-वनची तारीख कॅलेंडरवर लागली आहे ना, ते बघा.